पाण्याचा हिशेब कोणी मांडावा?

पाणी म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. गावच्या विहिरीपासून किती हात लांब उभे राहायचे, घागर कोणी आणि कधी भरून द्यायची, हे ज्यांच्या आजा-पणज्यांना दुसऱ्यांनी ठरवून दिले, त्यांना पाण्याचा विचार पुस्तकातून शिकावा लागत नाही. म्हणूनच पाण्यासंबंधी एखादा नवा प्रश्न उभा राहिला, तर तो परदेशातला आहे, यंत्रांचा आहे, असे म्हणून आपण बाजूला सारता कामा नये.

असा एक प्रश्न आज आपल्या घरात येऊन बसला आहे. हायस्कुलात आणि कॉलेजात जाणारी आपली मुले मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेला, म्हणजे लोक ज्याला एआय म्हणतात त्याला, प्रश्न विचारतात. मुलगी गणित विचारते, यंत्र उत्तर देते. आणि दुसरीकडून कानावर येते की एकेका प्रश्नाला हे यंत्र बाटलीभर पाणी पिते. कोणी म्हणतो, हे सारे खोटे, चार-पाच थेंबच लागतात. कोणी यादीच पुढे करतो की अमुक यंत्र कमी पाणी पिते, तमुक जास्त. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत ज्यांनी टँकरची वाट पाहिली आहे, त्यांना हा प्रश्न बोचल्याशिवाय राहणार नाही. माझ्या मुलीच्या अभ्यासापायी कोणाच्या तरी तोंडचे पाणी जाते काय?

तथागतांनी कालामांना जी कसोटी दिली, ती येथे लावावी. एखादी गोष्ट ऐकीव आहे म्हणून मानू नये, आणि सांगणारा मोठा आहे म्हणूनही मानू नये. आपण दोन्ही बाजू तपासून पाहू.

या यंत्राला पाणी लागतेच कशाला? हे यंत्र मोबाइलच्या आत नसते. ते दूर कोठे तरी एका अवाढव्य इमारतीत, हजारो संगणकांच्या रूपाने असते. त्या इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. संगणक रात्रंदिवस चालतात आणि तापतात. त्यांना थंड ठेवण्यासाठी पुष्कळ ठिकाणी पाण्याची वाफ होऊ देतात. माठातले पाणी गार होते ते ज्या न्यायाने, त्याच न्यायाने. वाफ होऊन गेलेले पाणी त्या गावच्या नळाला परत येत नाही. हे झाले पहिले पाणी. हे संगणक विजेवर चालतात आणि कोळशाची वीज तयार करणाऱ्या केंद्रातही पाण्याची वाफ होते. हे दुसरे पाणी. संगणकाच्या आतील चिप बनवताना ती अत्यंत शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावी लागते. हे तिसरे पाणी.

खर्चाच्या वेळाही दोन आहेत. यंत्राला प्रथम शिकवावे लागते, आणि शिकल्यानंतर ते रोज कोट्यवधी लोकांना उत्तरे देते. शिकवण्याचा खर्च शाळेची इमारत बांधण्यासारखा, एकदाचा. उत्तरांचा खर्च खडू-फळ्यासारखा, रोजचा.

आता आकडे पाहू. २०२३ साली अमेरिकेतील शाओलेई रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. जीपीटी-३ या यंत्राला शिकवताना डेटा सेंटरच्या आवारात सुमारे ७ लाख लिटर गोड्या पाण्याची वाफ झाली असावी, आणि विजेमागचे पाणी धरले तर एकूण सुमारे ५४ लाख लिटर, असा त्यांचा अंदाज होता. त्याच निबंधात असे म्हटले होते की मध्यम लांबीच्या १० ते ५० उत्तरांमागे अर्धा लिटर पाणी लागते, आणि ते डेटा सेंटर कोठे आहे व प्रश्न कोणत्या वेळी विचारला यावर अवलंबून असते. 'एका प्रश्नाला एक बाटली' ही अफवा येथूनच निघाली. दहा ते पन्नास उत्तरांची बाटली तोंडोतोंडी एका उत्तराची झाली.

२०२५ साली कंपन्यांनी स्वतः आकडे दिले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी सांगितले की सरासरी एका प्रश्नाला ०.३२ मिलिलिटर पाणी लागते. हा आकडा कसा काढला, ते मात्र त्यांनी सांगितले नाही. गुगलने आपल्या जेमिनी यंत्राच्या साधारण एका लेखी प्रश्नाला ०.२६ मिलिलिटर, म्हणजे सुमारे पाच थेंब पाणी आणि ०.२४ वॅट-तास वीज लागते, असे जाहीर केले. फ्रान्सच्या मिस्त्राल कंपनीने आपल्या मोठ्या यंत्राच्या साधारण पानभर उत्तराला ४५ मिलिलिटर पाणी लागते, असे जाहीर केले. त्या यंत्राचे शिक्षण आणि दीड वर्षाचा वापर मिळून २ लाख ८१ हजार घनमीटर, म्हणजे २८ कोटी १० लाख लिटर पाणी लागले, हेही त्यांनी सांगितले.

हे आकडे आपल्या मापाने मोजून पाहू. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेने गेले. पहिली गाडी दहा वाघिणींची होती आणि तीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुमारे २५ लाख लिटर नेऊ लागली. त्या हिशेबाने जीपीटी-३ च्या शिक्षणात जे पाणी आवारात वाफ झाले, ते लातूरच्या पहिल्या गाडीहून अधिक. मिस्त्रालचे पाणी म्हणजे पन्नास वाघिणींच्या सुमारे ११२ गाड्या. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटरचे माप ठरवले आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला त्या मापाने वर्षाला सुमारे १ लाख लिटर लागतात. तेव्हा हे पाणी २,८०० कुटुंबांचे वर्षभराचे पाणी झाले.

आता कोणीही म्हणेल की निकाल लागला. जेमिनीला ०.२६ आणि मिस्त्रालला ४५, म्हणजे फ्रेंच यंत्र पावणेदोनशे पट तहानलेले. परंतु येथेच थांबून विचार केला पाहिजे. मिस्त्रालने यंत्रसामग्री घडवण्यापासून ती चालवण्यापर्यंतची साखळी धरून हिशेब केला, आणि त्या कामात फ्रान्स सरकारच्या पर्यावरण संस्थेला बरोबर घेतले. गुगलने आपल्या आवारात थंडाव्यासाठी लागलेले पाणी धरले. वीज तयार करताना दुसऱ्याच्या आवारात गेलेले पाणी त्या पाच थेंबांत नाही, आणि यंत्राच्या शिक्षणाचे पाणीही नाही. शिवाय एकाने पानभर उत्तर मोजले, दुसऱ्याने साधारण प्रश्न. एकाने पायली वापरली, दुसऱ्याने मापटे, आणि आपण दोघांचे धान्य एकाच तागडीत घालून भांडतो आहोत.

वर्गात घालावे तसे एक लहान गणित करू. २०१५ साली केंद्र सरकारने जुन्या औष्णिक वीजकेंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची कमाल मर्यादा घालून दिली. जेमिनीच्या एका प्रश्नाला लागणारी ०.२४ वॅट-तास वीज अशा केंद्रातून आली असे धरा. त्या विजेमागे ०.८४ मिलिलिटर पाणी होते. आवारातल्या पाण्याच्या ते तिपटीहून अधिक आहे. पाच थेंबांचे एकदम वीस-बावीस थेंब झाले. यंत्र बदलले नाही, प्रश्न बदलला नाही, उत्तरही तेच. फक्त हिशेबाची कुंपणे बाहेर सरकवली.

यातून एक नैतिक अडचण उभी राहते. जो पूर्ण हिशेब देतो तो बदनाम होतो, आणि जो निम्मा देतो तो शहाणा ठरतो. शाळेत आम्ही हे नेहमी पाहतो. एखादा मुख्याध्यापक खरी हजेरी लिहितो, तर त्याची शाळा मागासलेली दिसते. शेजारी सर्व पटाची हजेरी भरून टाकणारा असतो, त्याची पाठ थोपटली जाते. यादी पाहून आपण मिस्त्रालला दोष दिला आणि बाकीच्यांना शाबासकी दिली, तर पुढच्या वर्षी कोणीही खरा हिशेब देणार नाही. सत्य बोलणाऱ्याला दंड आणि मौन बाळगणाऱ्याला बक्षीस, अशी रीत आपल्या हातून पडू नये.

पण समजा, उद्या सर्वांनी एकच माप धरले. मग कमी पाणी पिणारे यंत्र निवडले की आपले कर्तव्य संपले काय? मला तसे वाटत नाही, आणि याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्याला पाचशेच्या आसपास. महाबळेश्वरच्या आषाढात लिटरभर पाणी सांडले तर कोणाला कळतही नाही. दहिवडीच्या चैत्रात तेच लिटरभर पाणी एका म्हातारीची दुपार असते. मिलिलिटर दोन्हीकडे सारखेच, पण मोल सारखे नाही. म्हणून पाणी किती गेले, याबरोबर ते कोणत्या खोऱ्यातले, कोणत्या महिन्यातले आणि कोणाच्या हिश्श्याचे, हे विचारलेच पाहिजे.

कोयना धरण पाटण तालुक्यात आहे. त्याची साठवण सुमारे १०५ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. कोयना ही कृष्णेची उपनदी. कऱ्हाडला दोघींचा प्रीतिसंगम होतो आणि पाणी पुढे सांगलीकडे वाहते. पण धरणातले पुष्कळसे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे सोडून त्यावर वीज करतात. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. बच्छावत लवादाने या कामासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा ठरवून दिली. हे पाणी वाशिष्ठी नदीत उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. ही वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते, आणि मुंबई, नवी मुंबई, पुणे येथे उभी राहिलेली डेटा सेंटरेही त्याच राज्यात आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात, अ‍ॅमेझॉनने २०१६ साली व गुगलने २०१७ साली मुंबईत आपली केंद्रे सुरू केली.

आता हिशेबाची गंमत पाहा. जलविद्युत केंद्राने किती पाणी खर्च केले, हे मोजताना सामान्यतः जलाशयावरून वाफ झालेले पाणी धरतात. टर्बाइनमधून खाली गेलेले पाणी खर्चात धरत नाहीत, कारण ते नदीत परत गेले असे समजतात. कोयनेत ते नदीत जाते हे खरे, पण दुसऱ्याच नदीत. हिशेबाच्या वहीत खर्च शून्य, आणि कृष्णाकाठाला मात्र ते पाणी कायमचे गेले. दुसरीकडे टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांतून कृष्णेचेच पाणी आटपाडी, कवठे महांकाळ, जतच्या माळावर चढवायचे तर वीज लागते, आणि तिचे बिल थकले की पंप बंद पडतात. पाणी खाली सोडून केलेली वीज, आणि पाणी वर चढवण्यासाठी विकत घेतलेली वीज, यांच्यामध्ये आपला दुष्काळी तालुका उभा आहे. कोणत्याही यंत्राच्या यादीत त्याचा रकाना नाही.

येथे बाबासाहेबांच्या बालपणातील एक प्रसंग आठवणे योग्य होईल. ते कुटुंब तेव्हा साताऱ्याला राहत होते. १९०१ साली बाल भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि भाचे खटाव तालुक्यातील गोरेगावी वडिलांना भेटायला निघाले. दुष्काळी कामावर तेथे तलाव खोदला जात होता आणि वडील तेथे खजिनदार होते. मसूर स्टेशनवर उतरल्यापासून बैलगाडीच्या साऱ्या वाटेवर त्या मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. जवळ खायला होते, पण पाण्यावाचून ते खाता येईना. वाटेत पाणी नव्हते असे नाही. त्या दिवशी कोणी मसूर ते गोरेगाव पाण्याची मोजणी केली असती, तर ते पुरेसे आहे असाच अहवाल आला असता. त्या अहवालात त्या मुलांची तहान कोठे दिसली असती? लिटरांत मोजलेली मुबलकता आणि माणसाला मिळालेले पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे साताऱ्याच्या मातीने तेव्हाच दाखवून दिले होते.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. एक किलो साखरेमागे, पावसाचे पाणीही धरून, जागतिक सरासरीने सुमारे १,८०० लिटर पाणी लागते. चहात पाच ग्रॅमचा एक चमचा साखर घातली की नऊ लिटर झाले. मिस्त्रालचा सर्वांत मोठा आकडा धरला तरी तेवढ्या पाण्यात दोनशे उत्तरे येतात. गुगल कंपनीच्या डेटा सेंटरांनी २०२३ साली जगभरात मिळून सुमारे २,३०० कोटी लिटर पाणी खर्च केले, आणि ते एक टीएमसीहूनही कमी भरते. तेव्हा सांगली-साताऱ्यात उसाच्या फडाकडे पाठ करून केवळ मोबाइलवर बोट दाखवणारा माणूस पाण्याचा कैवारी म्हणता येणार नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी दहावीच्या पुढे जात आहे, ज्या घरात शिकवणी लावायला पैसे नाहीत, त्या घरातील मुलीने पाच थेंबांच्या भीतीने प्रश्न विचारणे सोडावे, असे मी कदापि सांगणार नाही. शतकानुशतके आपल्याला प्रश्न विचारू दिला नाही. आता पाण्याचे निमित्त करून तो कोणी थांबवू नये.

मात्र एकेका घराच्या खर्चाचे हे उत्तर एका गावाच्या प्रश्नाला लागू पडत नाही. पाच थेंब जगभर विखुरलेले नसतात. कोट्यवधी प्रश्नांचे थेंब एका आवारात, एका नळावर, एका उन्हाळ्यात गोळा होतात. त्या आवाराच्या भिंतीलगत ज्यांची वस्ती असते, त्यांच्यासाठी तो थेंब राहत नाही. आणि भिंतीलगतची वस्ती बहुधा कोणाची असते, हे मी वेगळे सांगायला नको. त्याबरोबर हेही खरे की पाण्याची वाफ न करता संगणक थंड ठेवण्याची रचना शक्य आहे. मायक्रोसॉफ्टने २०२४ साली अशी रचना जाहीर केली. पाणी वाचवता येते. वाचवायला भाग पाडणारा कोणी तरी असावा लागतो, एवढेच.

तो कोण असावा? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. शाक्य आणि कोलिय एकाच नदीवर शेती करीत आणि पाण्यावरून भांडत. शाक्य संघ युद्धाला निघाला तेव्हा सिद्धार्थाने चौकशीचा मार्ग सुचवला. दोन माणसे शाक्यांनी निवडावी, दोन कोलियांनी, आणि त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा. पाचांनी तंटा मिटवावा. या सूचनेत पाण्याच्या न्यायाचे सारे मर्म आहे. शाक्यांनी एकट्याने पाणी मोजून निकाल देऊ नये, आणि कोलियांनीही देऊ नये. ज्याने पाणी वापरले आणि ज्याचे पाणी गेले, ते दोघेही मोजणाऱ्यांत असले पाहिजेत. आजच्या यंत्रांच्या यादीत एकच पक्ष मोजतो आहे. दुसऱ्या पक्षाचा पंच अजून बसलेलाच नाही.

आपल्या भागात याचे एक चांगले उदाहरण घडून गेले आहे. १९८०च्या दशकात सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, येरळा नदीवर, बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण उभे केले. मुक्ती संघर्ष चळवळ त्यांच्या पाठीशी होती. तेथे असे तत्त्व मांडले गेले की पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरावर ठरावा. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हिस्सा असावा. आपल्यातील बहुसंख्य कुटुंबे भूमिहीन. त्यांच्यासाठी या तत्त्वाचा अर्थ केवढा मोठा आहे, याचा विचार करावा. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तोही पाण्याच्या हिशेबात बसला.

म्हणून बंधुभगिनींनो, कोणते यंत्र कमी पाणी पिते, या वादात आपली शक्ती खर्च करू नये. मुलांना ते यंत्र वापरू द्यावे, आणि त्याच मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे. पाणी मोजताना काय धरले आणि काय सोडले? ते कोणत्या खोऱ्यातून आणि कोणाच्या हिश्श्यातून आले? आणि मोजणाऱ्यांत, ज्यांचे पाणी गेले त्यांचा माणूस होता काय? उद्या आपल्या तालुक्यात डेटा सेंटर येवो, साखर कारखाना येवो की पाण्याची नवी योजना येवो, ग्रामसभेत उभे राहून हे तीन प्रश्न विचारावेत, त्यांची लेखी उत्तरे मागावीत आणि ती इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. महाडला आपण तळ्यावरचा हक्क मिळवायला गेलो होतो. आता त्या पाण्याच्या वहीवर आपला हक्क सांगण्याची वेळ आली आहे.